सीएससीएस प्रमाणपत्र आणि त्यानंतरचे साठ तास

सीएससीएस (सर्टिफाइड स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग स्पेशलिस्ट) हे खेळाडूंची ताकद आणि शारीरिक क्षमता वाढवणाऱ्या प्रशिक्षकांचे प्रमाणपत्र मी आतापर्यंत दोनदा नूतनीकृत केले आहे. परीक्षेची धास्ती विसरण्याइतका आणि नूतनीकरणाचा कंटाळा येऊ लागण्याइतका काळ मध्ये गेल्यामुळे दोहोंविषयी आता थंड डोक्याने लिहिता येईल. माझे मत आधीच सांगून टाकतो. परीक्षा कसून घेतलेली असते, मात्र उमेदवार प्रत्यक्षात खेळाडूंना शिकवतो कसा, हे ती पाहत नाही. आणि परीक्षेनंतरच्या शिक्षणाची जी व्यवस्था आहे ती तास मोजते, त्या तासांत पदरात काय पडले याची विचारपूस करत नाही. या प्रमाणपत्राचे मोल त्यामुळे ते घेणाऱ्याच्या निवडीवर फार अवलंबून राहते, आणि हे परीक्षण त्या निवडीपुरते आहे.

प्रमाणपत्र देणारी संस्था म्हणजे नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन, अर्थात एनएससीए. ती १९७८ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात बॉईड एप्ली यांच्या पुढाकाराने सुरू झाली, तेव्हा तिच्या नावात ‘कंडिशनिंग’ (दम, वेग, चपळता यांची तयारी) हा शब्दच नव्हता. महाविद्यालयीन संघांना वजने उचलायला शिकवणाऱ्या मोजक्या प्रशिक्षकांची ती संघटना होती. नाव १९८१ मध्ये बदलले, सीएससीएस परीक्षा १९८५ मध्ये आली आणि प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांची तपासणी करणाऱ्या एनसीसीए या राष्ट्रीय आयोगाची मान्यता या परीक्षेला १९९३ पासून आहे. ही शेवटची बाब कोरडी वाटली तरी नोकरीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, कारण अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या पहिल्या श्रेणीत २०१४ पासून कंडिशनिंग प्रशिक्षकाकडे मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र असणे बंधनकारक झाले, आणि ‘सीएससीएस किंवा समकक्ष’ हे शब्द जाहिरातींत रुळले.

पात्रतेच्या अटी दोनच आहेत: पदवी, किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षात असणे, आणि सीपीआर-एईडीचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास द्यायच्या प्रथमोपचाराचे, चालू प्रमाणपत्र. पदवी कोणत्या विषयाची हवी याबाबत संस्था दीर्घकाळ उदार राहिली. २०३० पासून ती याच क्षेत्राशी निगडित आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची असावी असे संस्थेने जाहीर केले होते, त्यामुळे वाणिज्य किंवा अभियांत्रिकीची पदवी घेऊन या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांनी अर्ज करण्यापूर्वी त्या वेळचे नियम जरूर वाचावेत.

परीक्षा संगणकावर, पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात होते आणि तिचे दोन भाग असतात. पहिला भाग शास्त्रीय पायाचा: ९५ प्रश्न, दीड तास. दुसरा भाग उपयोजनाचा: १२५ प्रश्न, अडीच तास. प्रत्येक भागात १५ प्रश्न गुणांत न धरले जाणारे, म्हणजे पुढच्या परीक्षांसाठी चाचपणीचे असतात, पण ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही; एखादा प्रश्न अगदीच अनोळखी वाटला तर तो त्या १५ मधलाच असावा, असे समजून मी पुढे सरकत होतो. हा उपाय मनाची शांती राखायला पुरेसा आहे, उत्तरे बरोबर यायला नाही. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे प्रमाणित ७० गुण मिळवावे लागतात, आणि एकाच भागात अपयश आले तर तेवढाच भाग पुन्हा देता येतो.

पहिल्या भागाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. स्नायूंची रचना, ऊर्जाप्रणाली, संप्रेरके, आहार, क्रीडा मानसशास्त्र हा मजकूर कोणत्याही चांगल्या क्रीडाशास्त्र अभ्यासक्रमात येतो, आणि ज्याने तो मन लावून केला असेल त्याला उजळणी पुरते. संस्थेचे पाठ्यपुस्तक सातशेहून अधिक पानांचे आहे, त्यातली निम्मी पाने या भागासाठी पुरेत.

खरी कसोटी दुसऱ्या भागात आहे. तिथले प्रत्यक्ष प्रश्न सांगता येत नाहीत, कारण परीक्षेपूर्वी उमेदवाराने गोपनीयता मान्य केलेली असते. त्यामुळे पुढचे उदाहरण माझ्या पदरचे आहे, पण त्याची जात तीच आहे. समजा एका संघाची एकाच दिवशी चाचणी घ्यायची आहे: उभी उडी, दिशा बदलत धावण्याची टी-चाचणी, स्क्वॉटमधील (खांद्यावर बार घेऊन बैठक) वन आरएम, म्हणजे एकदाच उचलता येईल असे कमाल वजन, ३०० यार्डांची शटल धाव (दोन रेषांमध्ये ये-जा करत) आणि दीड मैलांची धाव. क्रम कोणता लावाल? घोकंपट्टी करणाऱ्याला ‘न थकवणाऱ्या चाचण्या आधी, मग चपळता, मग कमाल ताकद, मग वेगाची धाव, मग स्थानिक सहनशक्ती, मग लॅक्टिक थकवा आणणाऱ्या चाचण्या आणि अगदी शेवटी एरोबिक, म्हणजे लांब पल्ल्याच्या दमाच्या’ ही ओळ पाठ असते आणि तो तसा क्रम लावून मोकळा होतो. पण प्रश्नाला एक फाटा फोडला, म्हणजे हॉल दोनच तास मिळणार आहे आणि खेळाडू ३० आहेत असे म्हटले, की ती ओळ अपुरी पडते. मग आठवावे लागते की फॉस्फोक्रिएटिन या स्नायूंना झटपट ऊर्जा देणाऱ्या द्रव्याचा साठा पूर्ण भरून यायला साधारण आठ मिनिटे लागतात, म्हणून उडी आणि वन आरएम यांच्यात गटागटाने वाट पाहणे परवडते. पण जवळपास मिनिटभर जीव तोडून धावायला लावणाऱ्या ३०० यार्डांच्या शटलनंतर शरीर पूर्ववत व्हायला किमान तासभर लागतो, म्हणून दीड मैलांची धाव त्या दिवशी घेऊच नये. हा निर्णय घेता आला की क्रम पाठ नसला तरी चालतो. परीक्षेचा चांगुलपणा यात आहे, की तिथे आकड्यांमागचे कारण ठाऊक असणाऱ्याला बक्षीस मिळते.

आकडे मात्र पाठ हवेतच, याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. ताकदीसाठी वन आरएमच्या ८५ टक्के व त्याहून अधिक वजन, सहा किंवा त्याहून कमी रेप्स (सलग आवृत्त्या) आणि दोन ते पाच मिनिटे विश्रांती. स्नायूंच्या वाढीसाठी ६७ ते ८५ टक्के, सहा ते बारा रेप्स आणि अर्धा ते दीड मिनिट विश्रांती. नवख्या खेळाडूला प्लायोमेट्रिकच्या, म्हणजे उड्यांच्या व्यायामाच्या, एका सत्रात ८० ते १०० वेळा पाय टेकवणे, मुरलेल्याला १२० ते १४०. शेवटच्या सेटमध्ये ठरल्यापेक्षा दोन रेप्स जास्त निघाल्या आणि हे लागोपाठ दोन सत्रांत घडले तर वजन वाढवा, हा ‘दोनास दोन’ नियम मी आजही रोज वापरतो. बाकीचे आकडे खेळाडू समोर आला की सैल होतात, आणि तसे ते व्हायलाच हवेत, पण सैल करण्यापूर्वी ते मुळात ठाऊक असावे लागतात.

या भागात चित्रे आणि चित्रफितीही असतात. व्यायामातली चूक ओळखा, तिच्यावर कोणती सूचना द्याल ते सांगा, किंवा स्पॉटर (वजन सांभाळायला मदतीला थांबणारा) कुठे उभा राहील ते दाखवा, असा त्यांचा रोख असतो. इथे बरीच वर्षे जिममध्ये काढलेल्या माणसाची फजिती होण्याची शक्यता नवख्यापेक्षा जास्त आहे. पॉवर क्लीन (बार झटक्यात खांद्यापर्यंत उचलणे) किंवा स्नॅच (तो थेट डोक्यावर उचलणे) करणाऱ्या खेळाडूला स्पॉट करायचे नसते. बार पुढच्या बाजूला निसटला तर तो ढकलून सोडून द्यायचा आणि स्वतः मागे व्हायचे, मागच्या बाजूला निसटला तर सोडून पुढे उडी मारायची, एवढे खेळाडूला आधी शिकवून ठेवायचे आणि आजूबाजूची जागा मोकळी ठेवायची. पण ‘मदतीला धावणे’ ज्यांच्या अंगवळणी पडले आहे ते हात पुढे करतात. माझाही हात एकदा पुढे गेला होता, परीक्षेत नव्हे, हॉलमध्ये. मनगट आठवडाभर बांधून ठेवावे लागले.

आता उणीव. या चार तासांत उमेदवाराने एकाही माणसाला एकही व्यायाम शिकवलेला नसतो. चित्रफितीत चूक ओळखता येणे ही एक गोष्ट आणि समोर पंधरा मुले एकाच वेळी गॉब्लेट स्क्वॉट (छातीशी वजन धरून बैठक) करत असताना तिसऱ्या रांगेतल्या मुलीची टाच उचलली जात आहे हे दिसणे ही निराळी गोष्ट. माध्यमिक शाळेच्या वयोगटासाठी एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त १५ खेळाडू असावेत, हा आकडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. तो १५च का, हे मला पहिल्याच आठवड्यात, सोळाव्या मुलाकडे पाठ असताना त्याने खांद्यावरून बार कलता सोडल्याच्या आवाजाने कळले. सुदैवाने बार रिकामा होता.

इतर संस्थांनी या उणिवेवर वेगवेगळे उपाय केलेले आहेत आणि तुलना करताना ते लक्षात घेणे न्याय्य ठरेल. ब्रिटनमधील यूकेएससीए या प्रशिक्षकांच्या संघटनेच्या मूल्यांकनात उमेदवाराला परीक्षकांसमोर वेटलिफ्टिंगचे प्रकार, उड्या आणि धावण्याचे तंत्र प्रत्यक्ष करून आणि शिकवून दाखवावे लागते, शिवाय एका खेळाडूच्या प्रशिक्षणाचे सादरीकरण करून प्रश्नांना तोंड द्यावे लागते. अमेरिकेतच महाविद्यालयीन प्रशिक्षकांची सीएससीसीए ही दुसरी संघटना लेखी परीक्षेसोबत प्रात्यक्षिक परीक्षा घेते आणि त्याआधी अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली ६४० तासांची उमेदवारी मागते. ऑस्ट्रेलियातील एएससीए या तशाच संघटनेने मान्यता पायऱ्यापायऱ्यांनी ठेवली आहे. एनएससीएने स्वतः पुढे ‘नोंदणीकृत प्रशिक्षक’ म्हणजे आरएससीसी ही वेगळी ओळख सुरू केली, तिच्यासाठी किमान दोन वर्षांचे पूर्णवेळ काम लागते आणि दहा व वीस वर्षांच्या अनुभवाला त्यावरचे दर्जे आहेत. ही चांगली दुरुस्ती आहे. मात्र तीही वर्षे मोजते, हे नमूद केले पाहिजे. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात संगणकासमोर बसून देता येणारी परीक्षा आणि परीक्षकाने डोळ्यांनी पाहून द्यायची मान्यता, या दोन्ही गोष्टी एकाच किमतीत आणि एकाच प्रमाणावर मिळणार नाहीत, हे मलाही समजते.

यानंतर नूतनीकरण. चक्र तीन वर्षांचे असते. त्यात सहा सीईयू (निरंतर शिक्षणाची एकके) मिळवावे लागतात, एका तासाला ०.१ सीईयू या हिशेबाने ते साठ तास होतात. चक्राच्या मध्यावर किंवा शेवटी उत्तीर्ण झालेल्यांना त्या प्रमाणात सवलत असते. परिषदा, कार्यशाळा, प्रश्नमंजूषा, दुसरे प्रमाणपत्र, लेखन, व्याख्यान देणे, असे बरेच मार्ग खुले आहेत. सीपीआर-एईडी चालू ठेवावेच लागते. साठ तास म्हणजे वर्षाला वीस, महिन्याला दोन तासांहूनही कमी. या आकड्याचा बाऊ करणाऱ्यांशी मी सहमत नाही. तरीही तिसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये समव्यवसायी मित्रांचे निरोप सुरू होतात: ‘स्वस्तात आणि झटपट सीईयू कुठे मिळतील?’ या प्रश्नाने एक बाजारपेठ उभी केली आहे.

त्या बाजारपेठेचा अनुभव मीही घेतला आहे. माझ्या पहिल्या चक्राच्या अखेरीस दोन दशांश सीईयू कमी पडत होते, म्हणून एका खासगी संस्थेचे दोन तासांचे ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान विकत घेतले. विषय होता खांद्याच्या दुखापतींचा प्रतिबंध. व्याख्यात्याने पहिली चाळीस मिनिटे स्वतःच्या कारकिर्दीवर घालवली, मग सरकपट्टीवरची वाक्ये वाचून दाखवली, आणि शेवटी दहा प्रश्नांची चाचणी होती. मी अर्ध्यातच चहा करायला उठलो, परत आलो तेव्हा चित्रफीत आपोआप संपून चाचणी उघडलेली होती. मी ती दिली. दहापैकी नऊ. न पाहिलेल्या भागावरचे प्रश्नही बरोबर आले, कारण चारपैकी तीन पर्याय हास्यास्पद होते. प्रमाणपत्र ताबडतोब मिळाले आणि नियमाप्रमाणे ते पूर्णपणे वैध होते. त्या दोन तासांनंतर माझ्या हॉलमधल्या एकाही खेळाडूच्या कार्यक्रमात एकही ओळ बदलली नाही.

याच्या अगदी उलट अनुभव एका दस्तऐवजाने दिला. दीर्घ सुट्टीनंतर किंवा दुखापतीनंतर परतणाऱ्या खेळाडूंना पहिल्याच आठवड्यात पूर्ण भार दिल्यामुळे उष्माघात आणि ऱ्हॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायूतंतू तुटून त्यातली द्रव्ये रक्तात उतरणे व मूत्रपिंडे धोक्यात येणे, असे प्रकार घडतात. त्यांवर सीएससीसीए आणि एनएससीए यांनी मिळून २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मी परीक्षा दिली तेव्हा ती अस्तित्वात नव्हती, त्यामुळे नूतनीकरणासाठीचे वाचन केले नसते तर ती माझ्या हाती पडली असती की नाही, शंका आहे. त्यातला गाभा सोपा आहे: धावण्याचे प्रमाण पहिल्या आठवड्यात ठरलेल्या पूर्ण भारापेक्षा किमान ५० टक्क्यांनी आणि दुसऱ्या आठवड्यात ३० टक्क्यांनी कमी ठेवायचे, आणि जिथे जास्त सावधगिरी हवी तिथे पुढच्या दोन आठवड्यांत २० व १० टक्क्यांची कपात चालू ठेवायची. वजनांच्या व्यायामासाठी वारंवारिता, भार आणि विश्रांतीचा काळ यांची वेगळी मर्यादा आहे.

सहा आठवड्यांच्या सुट्टीनंतर संघ परतला तेव्हा मुख्य प्रशिक्षकांनी पहिल्या दिवसासाठी वीस शटल धावा लिहिलेल्या होत्या. ‘सुट्टीत कोण पळालंय आणि कोण लोळलंय, ते आजच कळू दे,’ असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, ‘सर, ते दहा धावांतही कळेल. उरलेल्या दहा पुढच्या पंधरवड्यात वाढवत नेऊ.’ त्यांना ते पटले नाही. मग मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला, ५० वर बोट ठेवले आणि खाली दोन्ही संघटनांची नावे दाखवली. ते थोडा वेळ कागदाकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले, आणि पेन काढून वीसच्या जागी दहा केले. आठव्या धावेला दोन मुले कडेला वाकून ओकत होती. त्या दस्तऐवजाच्या वाचनाने माझ्या खात्यावर जे काही अंश जमा झाले असतील, ते खांद्याच्या व्याख्यानापेक्षा जास्त नव्हते.

व्यवस्थेवर माझा आक्षेप नेमका हाच आहे. तिच्या लेखी हे दोन अनुभव सारखे आहेत. निदान तासांचा काही भाग तरी प्रत्यक्ष देखरेखीखाली शिकवण्यासाठी राखून ठेवता आला असता: एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाने तुमचे एक सत्र पाहावे, लेखी अभिप्राय द्यावा आणि त्याला तास मिळावेत. वैद्यक आणि अध्यापन या व्यवसायांत सहकाऱ्यांनी सहकाऱ्याचे काम पाहण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे ही मागणी काही जगावेगळी नाही.

थोडे व्यावहारिक सांगायचे तर, उपस्थितीची प्रमाणपत्रे त्याच दिवशी जतन करून ठेवावीत आणि त्यांवर तासांचा आकडा व तारीख आहे की नाही हे तिथल्या तिथे पाहावे. एका परिषदेच्या आयोजकांनी मला दिलेल्या कागदावर माझे नाव सुरेख अक्षरात होते, तास मात्र नव्हते. ते दुरुस्त करून घ्यायला चार महिने आणि अकरा निरोप लागले. सीपीआर-एईडीची मुदत प्रमाणपत्राच्या चक्राशी जुळत नाही, तिची आठवण वेगळी लावून ठेवावी. संस्थेचे सभासदत्व घेतल्यास परीक्षा आणि नूतनीकरण दोन्ही स्वस्त पडतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधीच तो हिशेब करून पाहावा.

हे प्रमाणपत्र कुणी घ्यावे? संघांसोबत, स्पर्धात्मक खेळाडूंसोबत काम करायचे आहे त्याने. ज्याचे ग्राहक वजन कमी करायला किंवा पाठदुखीतून सावरायला येतात त्याला वन आरएम चाचण्यांचा क्रम आणि हंगामी नियोजनाचा इतका तपशील फारसा उपयोगी पडणार नाही. त्याच संस्थेची वैयक्तिक प्रशिक्षकांसाठी एक, आजार किंवा व्याधी असलेल्यांसोबत काम करणाऱ्यांसाठी एक आणि सैनिक व अग्निशमन दलांसाठी एक, अशी वेगळी प्रमाणपत्रे आहेत. पदवी नुकतीच हातात पडलेल्यांनी परीक्षा लवकर द्यावी, कारण शरीरशास्त्र डोक्यात ताजे असते. पण त्यासोबत कुणाच्या तरी हाताखाली काही महिने उभे राहावे, फुकट राबावे लागले तरी हरकत नाही.

चालू चक्रात मी बहुतेक तास अशा ठिकाणी घालवायचे ठरवले आहे जिथे कुणीतरी मला काम करताना पाहील. गेल्या महिन्यात दोन दिवसांच्या वेटलिफ्टिंग प्रशिक्षण शिबिराला गेलो होतो, तिथे शिकवणाऱ्या बाईंनी मला एका मुलाला क्लीन शिकवायला लावले आणि स्वतः बाजूला, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. तीन लिफ्टनंतर त्या म्हणाल्या, ‘तू ‘छाती वर’ म्हणतोस तेव्हा बार गुडघ्याच्या वर आलेला असतो. तोवर त्याला ऐकू आलं तरी करता येत नाही. जमिनीवरून उचलायच्या आधी सांग, आणि मग गप्प बस.’ चौथ्या लिफ्टला मी आधी बोललो आणि गप्प बसलो, तेव्हा बार त्याच्या नडग्यांना घासतच वर गेला. नूतनीकरणाच्या अर्जात या शिबिराची नोंद मी बारा तास, १.२ सीईयू अशी केली आहे.